अमेरिकेतील कापूसवाल्यांचा संघ : तो उठला कसा आणि मोडला कोठे
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले व ते अमेरिकेतील भल्या लोकांना अर्पण केले. कारण त्यांनी आपल्या देशातील काळ्या गुलामांना दास्यातून मोकळे केले होते. ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण बेडी तुटल्यावर त्या माणसांचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. आज आम्ही ते सांगणार आहोत, कारण त्यात कुणब्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे.

१८६५ साली तिकडचे यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने बंद झाली. काळा माणूस मोकळा झाला, पण त्याला जमीन मिळाली नाही. गोऱ्या लहान शेतकऱ्याजवळ थोडी जमीन होती, पण पैसा नव्हता. दक्षिणेतल्या पेढ्या युद्धात बुडाल्या होत्या. पेरणीच्या वेळी दोघांनाही एकच दार उरले, ते म्हणजे गावच्या दुकानदाराचे. दुकानदार बी, अवजारे, पीठ, कापड उधार देई आणि त्याबद्दल जमिनीतून अजून वर न आलेले पीक तारण लिहून घेई. दुकानात एकेका जिनसेला दोन भाव : रोखीचा एक आणि उधारीचा दुसरा, तो पुष्कळ चढा. शिवाय कापूसच पेरला पाहिजे, ही अट. कारण धान्य घरात खाऊन संपते, कापूस खाता येत नाही. सुगी झाली की कापूस दुकानदाराकडे जाई आणि वहीत बाकी उरे ती उरेच. ती फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याची सोय नसे. त्यात कापसाचा भाव वर्षानुवर्षे उतरत चालला. १८९४ साली तो रतलाला पाच सेंटांच्याही खाली गेला. गुलामाची बेडी लोखंडाची होती, ही कागदाची. आणि ती गोऱ्या-काळ्या दोघांच्याही पायांत होती.

यातून सुटावे म्हणून १८७७ च्या सुमारास टेक्सास प्रांतातील लॅम्पासस परगण्यात शेतकऱ्यांनी एक संघ काढला. पुढे तो दक्षिणेत गावोगाव पसरला. तो कशाने पसरला म्हणाल, तर व्याख्यात्यांनी. संघाचे व्याख्याते खेडोपाडी फिरत, शाळेत किंवा देवळात लोक जमवीत आणि व्याज, रेल्वेचे भाडे, कापसाचा भाव हे विषय साध्या भाषेत समजावून देत. बायकाही संघाच्या सभासद होत व सभेत बोलत. ज्या माणसाला आपली बाकी हा आपल्या नशिबाचा भोग वाटत होता, त्याला ती एका रीतीचे फळ आहे हे कळू लागले.

ज्ञानामागून कृती आली. १८८७ साली चार्ल्स मॅक्यून यांच्या पुढाकाराने डॅलस शहरी संघाची स्वतःची पेढी उघडली. तिने कापूस एकत्र विकावा आणि माल एकत्र खरेदी करावा, अशी योजना होती. शेतकऱ्यांनी एकमेकांना जामीन राहून चिठ्ठ्या लिहून दिल्या. पण शहरातील बँकांनी त्या चिठ्ठ्यांवर पैसे देण्याचे बहुतेक नाकारले आणि १८८९ साली पेढी बंद पडली. मात्र दुसऱ्या लढ्यात संघ जिंकला. कापसाच्या गाठी गोणपाटात बांधीत. त्याचा ताग आपल्या बंगालमधून जाई. १८८८ साली गोणपाटवाल्या कारखानदारांनी एकी करून भाव एकाएकी चढवला. तेव्हा शेतकऱ्यांनी गोणपाट टाकून गाठींना जाड सुती कापड गुंडाळले. अटलांटाच्या प्रदर्शनात तर दोन नवरदेव आणि दोन नवऱ्या त्याच कापडाचे कपडे घालून बोहल्यावर उभ्या राहिल्या! अखेर कारखानदारांना भाव उतरावा लागला.

१८८९ साली संघाने मागणी केली की, सरकारने वखारी बांधाव्यात, शेतकऱ्याने माल तेथे ठेवावा आणि मालाच्या किमतीच्या शंभरास ऐंशी इतके कर्ज अगदी हलक्या व्याजाने उचलावे. म्हणजे सुगीच्या पडत्या भावात माल विकावा लागणार नाही. १८९२ साली या लोकांनी स्वतःचा राजकीय पक्ष काढला. त्याच्या उमेदवाराला त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत दहा लाखांवर मते पडली.

आता, बंधुभगिनींनो, ज्या ठिकाणी हे सारे मोडले ते ठिकाण नीट पाहा.

दक्षिणेतील या संघात काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. म्हणून १८८६ साली टेक्सासमध्येच काळ्या शेतकऱ्यांनी आपला निराळा संघ काढला. त्यांत खंडकरी, वाटेकरी, मजूर पुष्कळ होते. १८९१ साली त्या संघाच्या पुढाऱ्यांनी कापूस वेचणीला शंभर रतलांमागे एक डॉलर मजुरी मागितली व संपाची हाक दिली. गोऱ्या संघाने काय करावे? ज्यांनी दुकानदाराजवळ न्याय मागितला, त्यांनी आपल्या शेतातल्या मजुराला न्याय द्यावा की नाही? पण गोऱ्या संघाचे अध्यक्ष लिओनिडास पोल्क यांच्या वर्तमानपत्राने सल्ला दिला की, पन्नास सेंटांहून अधिक द्यावे लागत असतील तर कापूस शेतातच राहू द्या! आर्कान्सा प्रांताच्या ली परगण्यात बेन पॅटरसन व त्यांच्या सोबत्यांनी संप केला; तेथे पंधराएक काळी माणसे मारली गेली, त्यांतील काहींना जमावानेच फासावर चढवले.

शहाणपण कोणालाच नव्हते असे नाही. जॉर्जियाचे टॉम वॉटसन १८९२ साली उघड सांगत होते की, तुम्हाला निरनिराळे लुटता यावे म्हणूनच तुम्हाला एकमेकांचा द्वेष शिकवला जातो. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या डॉइल या काळ्या धर्मोपदेशकाच्या जिवावर बेतले, तेव्हा सुमारे दोन हजार गोरे शेतकरी रक्षणाला धावून आले. पण १८९६ साली पक्षाने दुसऱ्या मोठ्या पक्षाशी सोयरीक केली, निवडणूक हरली, आणि हेच वॉटसन पुढे काळ्यांचे कट्टर वैरी झाले. मग प्रांतोप्रांती मतदानाला डोईपट्टी व साक्षरतेची परीक्षा लागली. कायदा काळ्यांना वगळण्यासाठी होता; पण डोईपट्टी भरण्याची ऐपत हजारो गरीब गोऱ्यांचीही नव्हती. त्यांचीही मते गेली. शेजाऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तेही पडले.

त्यांच्या मागण्या मात्र खोट्या नव्हत्या. मिळकतीवरील चढता कर आणि वरिष्ठ सभेच्या सभासदांची थेट निवड या दोन गोष्टी १८९२ साली त्यांनी मागितल्या होत्या. १९१३ साली दोहोंची वाट घटनादुरुस्तीने मोकळी झाली. साठवलेल्या कापसावर सरकारी कर्ज १९३३ साली मिळू लागले. पण तोवर पहिल्या लढवय्यांची एक पिढी बाकी डोक्यावर घेऊनच मातीत गेली होती.

तात्पर्य, संघ करा, वही वाचायला शिका, मुलीबाळींना शिकवा, हे तर आम्ही सांगतोच. पण संघ काढल्यावर पहिल्या सभेत एक प्रश्न स्वतःला विचारा : आपल्या खाली जो उभा आहे, आपल्या शेतावर जो रोजाने येतो, त्याला या बैठकीवर जागा आहे काय? वरच्याकडे न्याय मागण्याचा हक्क खालच्याला न्याय दिल्यानेच पुरा होतो.