आगीचे शिक्षण आणि त्याचा पैसा

(पिंपळनेर येथील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावाच्या बैठकीत आगीचा विषय कशाला, असे दोघा-तिघांनी मघाशी विचारले. भावाचाच विषय आहे, म्हणून काढला. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात भाव उतरले, तेव्हा खानदेशात घरोघर कापूस भरून राहिला. खाटा अंगणात आल्या, पोरे ओसरीवर झोपली, अंगाला खाज सुटली, तरी माल पडत्या भावात दिला नाही. भाव मिळेपर्यंत माल धरून ठेवा, हे आपणच एकमेकांना सांगितले आणि ते बरोबरच होते. पण व्यापारी माल धरतो तो गोदामात, आणि गोदामाचा विमा असतो. आपले गोदाम म्हणजे माजघर. त्याच घरात चूल, त्याच घरात गॅस, आढ्यावरून गेलेली जुनी वायर आणि देवापुढचा दिवा.

आता हिशेब करू. घरात वीस क्विंटल कापूस आहे. मध्यम धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे माजघरात १ लाख ५४ हजार रुपये पडून आहेत. तो जळाला तर काय मिळते? आपत्तीच्या मदतीत आग हा विषय आहे, हे खरे. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत झोपडी जळाली तर ८,००० रुपये, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००, कपड्यालत्त्याला २,५०० आणि भांड्याकुंड्यांना २,५०० असे आकडे आहेत. म्हैस गेली तर ३७,५००, बैल गेला तर ३२,०००. माणूस गेला तर चार लाख. घरात साठवलेल्या कापसाला त्यात रकानाच नाही. पीक विम्यात उभ्या पिकाला वीज पडून लागलेली नैसर्गिक आग धरली आहे, वेचून घरात आणलेला कापूस नाही. खळ्यावरच्या कडब्याचेही तेच. म्हणजे वर्षभराच्या घामाची राख झाली, तर तलाठी पंचनामा करील, चार माणसे हळहळतील आणि विषय तिथेच संपेल.

कापसाची आग ही इतर आगीसारखी नसते. ती वरून पळते आणि आत बसते. ढिगावर ठिणगी पडली की वरच्या तंतूंवरून जाळ क्षणात या टोकाचा त्या टोकाला जातो. आपण पाणी मारतो, जाळ बसतो, लोक घरी जातात. पण पाणी कापसाच्या आत लवकर शिरत नाही. आत धुमसत राहते आणि रात्री, कधी दुसऱ्या दिवशीही, पुन्हा पेटते. म्हणून कापसाची आग पाण्याने जितकी विझते तितकीच ढीग फोडून विझते. आकड्यांनी ओढून काढायचा, पसरायचा, भिजवायचा, आणि रात्रभर माणूस राखणीला ठेवायचा.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या मुंबईतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचे जहाज लागले होते. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी धूर दिसला. पाण्याचा मारा सुरू झाला, पण आग गाठींच्या आत होती. ती नेमकी कुठे आहे हेच सापडेना. चारच्या पुढे जहाज फुटले. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्याच आठवणीत १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. शहरात बंब सजवतात, शाळेतली पोरे बघायला नेतात. ज्या मालाने ती आग आत दाबून ठेवली, तो माल पिकवणाऱ्याच्या गावात मात्र सप्ताह येत नाही.

कडब्याचे दुखणे वेगळे. आपली दादर फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. गंजी लागते ती नेमकी वारा सुटण्याच्या आणि ऊन तापण्याच्या दिवसांत. सोयीचे म्हणून गोठ्याला लागूनच लावतो, शेजारी पऱ्हाट्यांचा ढीग, त्याच्या शेजारी उकिरडा, आणि उकिरड्यावर सकाळी चुलीतली राख. राख वरून पांढरी दिसते, आत निखारा असतो. यात नशिबाचा काही भाग नाही. गंजी घरापासून आणि तारेपासून पन्नास-साठ फूट लांब लावली, एका मोठ्या गंजीच्या दोन केल्या, भोवती नांगराची तीन-चार तासे मारून जमीन उघडी ठेवली, तर निम्मे काम झाले. आणि ओला चारा घट्ट रचू नका. आत जिवाणूंचे काम सुरू होते, गंजी तापते आणि काडी न ओढताही पेटू शकते. कुणी जाळली म्हणून भाऊबंदकीत नाव घेण्याआधी एवढे तपासावे.

एप्रिल २०२३ मध्ये आपल्याच साक्री तालुक्यात, निजामपूरच्या बाजूला, मेणबत्त्यांच्या कारखान्याला आग लागून चार बाया गेल्या. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूर तालुक्यात वाघाडीला रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन डझनाहून जास्त माणसे गेली. या बातम्या देशभर छापून आल्या, मंत्री येऊन गेले. कारखान्याची आग दिसते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आगीच्या अपघातांत मेलेल्यांचा आकडा ७,४०० च्या वर आहे आणि त्यातले निम्म्याहून अधिक राहत्या घरांत मेले. म्हणजे आग मुख्यतः घरातली आहे. स्वयंपाकघरातली आहे. मायबहिणींनो, म्हणून हे शिक्षण पारावरच्या पुरुषांना देऊन भागणार नाही.

आता कुणी म्हणेल, बंब मागा. मागूच. पण पिंपळनेरपासून साक्री वीस-पंचवीस किलोमीटर, धुळे पंचाहत्तरच्या आसपास, आणि पश्चिमेच्या पाड्यांवर रस्ता कसा आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. बंब कितीही वेगाने आला तरी कडब्याच्या गंजीला तेवढा धीर नसतो. पहिली दहा मिनिटे गावाचीच असतात. त्या दहा मिनिटांत कोण काय करतो, एवढ्यावर घर वाचते किंवा जाते.

याला कारणही आहे. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी दोन याद्या केल्या. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात वाचनालय आहे, मासेमारी आहे, पण आग नाही. जिथे घरे सिमेंटची तिथे आग विझवणे हे कर्तव्य, आणि जिथे छपरे गवताची, पोटमाळा कापसाचा, तिथे तो विषयच नाही. इंडिया आणि भारत यांतला फरक घटनेच्या परिशिष्टात असा छापून ठेवलेला सापडतो. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा. त्याचाही सारा रोख इमारतींवर. केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना काढली. ती राज्यांच्या अग्निशमन दलांसाठी होती. तीत गावातल्या बाईला ओल्या गोधडीचा उपयोग शिकवण्याची तरतूद शोधत बसू नका.

मग पैसा कुणाकडे मागायचा? आणि मुळात मागायचा का? आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न टोचतो, ते मला माहीत आहे. आपण अनुदान मागणारी माणसे नाही. भाव द्या, बाकीचे आमचे आम्ही बघू, असे म्हणत आपण उभे राहिलो. पण हे अनुदान नव्हे. ग्रामपंचायतीकडे आलेला वित्त आयोगाचा निधी आपल्याच करातला आहे. बाजार समिती जी फी गोळा करते ती आपल्याच मालावरची आहे. आपला पैसा आपल्या कामाला लावा, हे सांगण्यात लाचारी कसली?

आधी खर्च किती ते पाहू. आम्ही एका गावासाठी अंदाज केला आहे. सहा किलोची दोन अग्निशामक नळकांडी ५,००० रुपये, सरावानंतर ती पुन्हा भरण्याचे १,०००, वीस लोखंडी बादल्या ५,०००, लोहाराकडून आकडे आणि लांब बांबू १,५००, शिकवणाऱ्याचा प्रवास-चहापाणी १,५००, सरावाची आग आणि भित्तिपत्रके १,०००. एकूण पंधरा हजार. वीस गावे धरली तर तीन लाख. मघाचा हिशेब आठवा. दोन घरांतला कापूस.

पहिले दार ग्रामपंचायतीचे. २९ विषयांत आग नाही, पण 'तांत्रिक प्रशिक्षण' आहे, 'प्रौढ व अनौपचारिक शिक्षण' आहे, 'इंधन व चारा' आहे. अर्ज त्या नावाखाली करा. पंधरा हजार ही रक्कम अबंध निधीत बसण्यासारखी आहे, मात्र ती आराखड्यात हवी. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. कापूस वेचणीचे दिवस म्हणून आपण जात नाही, आणि मग वर्षभर सरपंचाला नावे ठेवतो. पेसाखालच्या गावांत पाच टक्के अबंध निधी ग्रामसभेच्या हातात असतो. तिथे मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून डोंगर पेटतो, तोही विषय याच शिक्षणात घ्या.

दुसरे दार जिल्हाधिकाऱ्यांचे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ३० आहे. लोकांचे प्रशिक्षण आणि जागृती घडवून आणणे हे त्यात जिल्हा प्राधिकरणाचे काम म्हणून लिहिले आहे, आणि त्यात बिगरसरकारी संस्थांचा आधार घ्यावा असेही आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतला दहा टक्के वाटा पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी सांगितला होता. अर्जात हे कलम आकड्यासह लिहा. कारकुनाला कलम दिसले की कागद निदान पुढच्या टेबलावर जातो.

तिसरे दार कंपन्यांचे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आपल्याच वाऱ्यावर फिरतात. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामाला खर्च करावे लागतात, आणि आपत्ती व्यवस्थापन त्या यादीत २०१९ पासून आहे. त्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते, हिशेब तपासलेले लागतात. आपली बैठक म्हणजे संस्था नव्हे. म्हणून तालुक्यातल्या एखाद्या चोख संस्थेला पुढे करू. खासदार निधीच्या मागे लागू नका. तो टिकाऊ बांधकामासाठी असतो, शिकवण्यासाठी नाही. त्यातून सभामंडप मिळेल.

गॅस एजन्सीकडून पैसा नव्हे, माणूस मागा. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते हे किती घरांत माहीत आहे? नोंदणीच्या घरात सिलिंडरचा अपघात झाला तर तेल कंपन्यांचा विमा असतो, मृत्यूला माणशी सहा लाख, मालमत्तेला दोन लाखांपर्यंत, हे तर एजन्सीवालाही आपण होऊन सांगत नाही.

अर्जात 'जनजागृती' हा शब्द शक्यतो घालू नका. पैसे देणारा रोज तो शब्द वाचतो. लिहा की, प्रत्येक गावात बचत गटातल्या वीस बाया आणि वीस तरुण स्वतःच्या हाताने नळकांडे चालवतील, पेटलेले तेल ओल्या गोधडीने झाकतील, तेलावर पाणी टाकणार नाहीत, मीटरजवळचा खटका बंद केल्याशिवाय विजेच्या आगीजवळ जाणार नाहीत, आणि भाजलेल्या अंगावर शेण, तूप, टूथपेस्ट न लावता वीस मिनिटे साधे पाणी सोडतील. हे मोजता येते. शिकवणे आहिराणीत हवे. 'आग लागनी ते काय करशात?' असे विचारले की म्हातारीही पुढे येऊन उत्तर देते.

अर्जाला एक वही जोडायची आहे. गावात गेल्या पाच वर्षांत लागलेल्या प्रत्येक आगीची नोंद: महिना, वेळ, कुठे लागली, कशाने, काय जळले, बंब किती वेळाने आला, मदत काय मिळाली. म्हाताऱ्यांना विचारा, तलाठ्याकडचे पंचनामे बघा. ही वही नसेल तर आपला अर्ज म्हणजे नुसते गाऱ्हाणे.

या वहीचा दुसराही उपयोग आहे. शेतकऱ्याला शिकवले म्हणून वीज कंपनीची जबाबदारी सुटत नाही. वाऱ्यात घासणारी तार ही शेतकऱ्याच्या अडाणीपणामुळे लोंबत नाही. तारेच्या ठिणगीने गंजी जळाली तर राखेचे पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका, कंपनीला लेखी कळवा आणि विद्युत निरीक्षकाची चौकशी मागा. २००३ च्या वीज कायद्यात कलम १६१ त्यासाठीच आहे. शिक्षणाच्या अर्जात ही तक्रार मिसळू नका. दोन कागद वेगळे, दोन टेबले वेगळी.

वेळेचे म्हणाल तर होळीच्या आधी पहिली पाच गावे झाली पाहिजेत, कारण दादरच्या गंज्या तेव्हाच लागतात. सप्ताहाचा कार्यक्रम १४ एप्रिलला ठेवू नका, त्या दिवशी गावोगाव बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक असते. १६ तारखेनंतरचा दिवस धरा. वह्या आणि अर्जाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. प्रत्येक गावाने एक वही न्यावी, आणि नेणाऱ्याने गावाचे व स्वतःचे नाव यादीत लिहूनच न्यावी. पुढच्या बैठकीला वही भरलेली आणायची आहे.