सुतार पक्षी कसा ओळखावा?
(तुर्भे येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या तुर्भ्याच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर. मधे कारखाने आणि बाजार. तरी एखाद्या जुन्या आंब्यावर टक्‌ टक्‌ ऐकू येते. आपण म्हणतो, "सुतार आला." पण कोणता सुतार?

आधी एक घोटाळा दूर करू. गवतात चोच खुपसत चालणारा, पंख्यासारख्या तुऱ्याचा पक्षी पुष्कळांना सुतार वाटतो. तो हुदहुद. खरा सुतार खोडाला उभा चिकटतो. ताठ शेपटीचा टेकू घेतो. साल ठोकून आतले किडे आणि मुंग्या खातो.

तीन सुतार फार सारखे दिसतात. तिघांचेही पंख सोनेरी. म्हणून मान, गळा आणि शेपटीच्या वरचा भाग, या तीन जागा पाहाव्यात.

पहिला, सोनपाठी सुतार. हा वस्तीजवळही राहतो. गळा काळा, त्यावर पांढरे ठिपके. शेपटीच्या वरचा भाग काळा.

दुसरा, पांढऱ्या मानेचा सुतार. मानेपासून पाठीपर्यंत मधोमध पांढरा. शेपटीच्या वर मात्र काळाच.

तिसरा, मोठा सोनपाठी सुतार. हा सह्याद्रीच्या दाट रानातला. गळा पांढरा, त्यावर काळ्या रेघा. शेपटीच्या वर लाल.

नर-मादीला दोन जाती समजू नका. सोनपाठी नराचे सगळे डोके वरून लाल असते. मादीचे कपाळ काळे, ठिपक्यांचे; मागचा तुरा तेवढा लाल. पांढऱ्या मानेच्या मादीचा तुरा तर पिवळा असतो.

आणखी एक लहानसा सुतार आहे. अंगावर काळे-पांढरे ठिपके, डोके पिवळसर, पोटावर लाल डाग. लॅथम नावाच्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८०१ साली त्याच्या शास्त्रीय नावात मराठ्यांचे नाव घातले. तोच हा मराठा सुतार.

तुम्ही म्हणाल, एवढे बारकावे कशाला? सगळ्यांना एकच नाव दिले, तर त्यातली एक जात निघून गेली तरी आपल्याला पत्ता लागणार नाही. रानातला सुतार रान तुटले की जातो. वस्तीतला राहतो. आपण म्हणतो, "सुतार तर आहेत की!"

सुताराला वठलेले लाकूड लागते. त्यात तो ढोली कोरतो. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे मैना, पोपट, पिंगळा संसार मांडतात. एक झाड पाडले की इतकी घरे मोडतात. अंगावर पडण्याचा धोका नसेल, तर वठलेले झाड उभे राहू द्या.

पनवेलजवळचे कर्नाळ्याचे रान १९६८ सालापासून पक्ष्यांसाठी राखलेले आहे. सवड काढून तिथे जा. पण सुरुवात घराजवळूनच करा. आता तुम्हांला लिहिता येते. वहीत तारीख लिहा, जागा लिहा, झाडाचे नाव लिहा. मग मान, गळा आणि शेपटीचा रंग लिहा. खात्री नसेल तर नुसते "सुतार" लिहा. अंदाजाने नाव घालू नका. अशी वही दहा वर्षांनी तुमच्या मुलांना सांगेल, इथे कोण होते आणि कोण गेले.