सही करण्याआधी

(कोलकाता येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेले भाषण)

साथींनो,

फेअर्ली प्लेस, गार्डन रीच, जीपीओ अशा ठिकाणी काम करणारी आपली माणसे आज येथे जमली आहेत. नागपूर-गोंदियाकडच्या जुन्या साथींना गार्डन रीच परके नाही. एप्रिल २००३ मध्ये बिलासपूरचा वेगळा झोन झाला, तोवर त्यांचा कारभार येथूनच चाले. संघटनेकडे वारंवार येणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे आज द्यायची आहेत.

पहिला प्रश्न: अपघातात हात किंवा पाय गेला. साहेब म्हणतात, 'अनफिट' म्हणून निवृत्तीचा अर्ज द्या. काय करावे?

उत्तर एकच. घाईने सही करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही वा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सवलतींसह दुसरे काम द्यावे लागते. तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्याला जादा पदावर ठेवावे लागते. १९९५ च्या कायद्यातही हेच संरक्षण होते. कुणाल सिंग खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अपंगत्वामुळे पेन्शन दिली म्हणून हे संरक्षण संपत नाही. केंद्राच्या २०२१ च्या पेन्शन नियमांनुसार तर, असा अर्ज आला की नोकरीत राहण्याचा पर्याय आहे हे कार्यालयानेच कामगाराला सांगायचे आहे.

दुसरा प्रश्न लोको पायलट बंधूंचा: डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो तर पगार घटेल का?

रेल्वेत पर्यायी कामाचे वेगळे नियम आहेत. रनिंग स्टाफचा पगार ठरवताना मूळ पगारात त्याचे ३० टक्के मिळवतात. मूळ पगार ६०,००० असेल तर १८,००० मिळवून ७८,००० हा आधार धरतात. पगारनिश्चितीचा कागद हातात आला की हा आकडा आधी पाहा.

तिसरा प्रश्न: खरोखरच कोणतेही काम होण्यासारखे नाही आणि सेवा दहा वर्षेही झालेली नाही. मग?

जानेवारी २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षांच्या आतही इनव्हॅलिड पेन्शन मिळू शकते. ती फॅमिली पेन्शनच्या साध्या दरापेक्षा, म्हणजे अखेरच्या मूळ पगाराच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी नसते. इजा कामावर झाली असेल तर असाधारण पेन्शनचे वेगळे नियम आहेत. म्हणून अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करून घ्या.

चौथा प्रश्न तरुणांचा: आम्ही १ जानेवारी २००४ नंतर लागलो, आम्हाला यातले काय?

नोकरीतले संरक्षण तुम्हालाही तेवढेच आहे. शिवाय मृत्यू झाला किंवा अपंगत्वामुळे नोकरी सोडावी लागली, तर जुन्या पेन्शन नियमांचा लाभ घ्यायचा की एनपीएसचा, हा विकल्प भरून देता येतो. तो फॉर्म भरला आहे का? उद्याच कार्यालयात चौकशी करा.

पाचवा प्रश्न एका आईने विचारला: माझ्यामागे माझ्या अपंग मुलाचे काय?

अपंगत्वामुळे जो स्वतःची उपजीविका करू शकत नाही, अशा मुलाला वा मुलीला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. मात्र त्याचे नाव व वैद्यकीय दाखला आपण नोकरीत असतानाच नोंदवावा. आपल्यामागे त्याने कोणत्या खिडकीवर उभे राहायचे?

शेवटी सेवापुस्तकाविषयी. अठरा वर्षे सेवा झाल्यावर आणि निवृत्तीला पाच वर्षे उरल्यावर कार्यालयाने सेवेची पडताळणी करून दाखला द्यायचा असतो. तो मागून घ्या. झोन बदललेल्यांनी विशेष काळजी घ्यावी.

साथींनो, १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे. पण हक्क कागदावर असतो आणि कागद बहुधा दवाखान्याच्या खाटेवर समोर येतो. तेव्हा घरच्यांना आज एवढेच सांगून ठेवा: शाखेला विचारल्याशिवाय सही नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!