राजकारण दुरून नव्हे, जवळून पाहा
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या घराघरांत मुलांना एक ताकीद मिळते : "बेटा, शीक, नोकरी बघ, राजकारणाच्या फंदात पडू नकोस." या ताकिदीमागची भीती खोटी नाही. मोर्च्यात दगड एक जण मारतो आणि पोलिसांच्या कागदावर नाव दुसऱ्याचेच चढते. फौजदारी खटला प्रलंबित असला की पासपोर्ट अडतो. कोकणातल्या ज्या घरांची चूल आखाताच्या कमाईवर पेटते, त्यांना हे समजावून सांगायला नको.

परंतु दगडफेक म्हणजे राजकारण नव्हे. कुणाच्या जीपमागे धावत घोषणा देणे हेही नव्हे. मतदानाचे वय १९८९ साली २१ वरून १८ वर आले. बारावी होता होता आपली मुले मतदार होतात. तोवर त्यांना सर्व गोष्टींपासून दूर ठेवायचे आणि मग एकदम मतदानयंत्रासमोर उभे करायचे, म्हणजे पोहणे न शिकवता खाडीत ढकलणेच होय.

मग शिकावे कुठे? पहिली शाळा ग्रामसभेची. गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढीही माणसे जमत नाहीत म्हणून कित्येक सभा तहकूब होतात. नळाला पाणी नाही, अशी तक्रार चहाच्या टपरीवर सगळेच करतात. तीच तक्रार सभेत उभे राहून मांडणे, ठराव लिहून घेणे, पुढच्या सभेत त्याचे काय झाले ते विचारणे, हे ज्याला जमले तो नागरिकशास्त्राचा खरा धडा शिकला.

दुसरी शाळा मतदान केंद्राची. तेथे विरोधी उमेदवारांचे प्रतिनिधी दिवसभर शेजारी शेजारी बसतात. मतदानापूर्वी यंत्राची चाचणी सर्वांसमक्ष होते आणि शेवटी झालेल्या मतांचा लेखी हिशेब प्रतिनिधींच्या हाती पडतो. हे डोळ्यांनी पाहिलेला तरुण अफवेवर सहसा विश्वास ठेवत नाही. विरोधक हा शत्रू नसतो, हेही त्याला उमगते.

मुलींच्या पालकांना विशेष विनंती. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या मुलींना बोलण्याची सवयच नसेल, तर त्या खुर्चीवर नाव तिचे आणि कारभार दुसऱ्याचा, असेच होणार.

फेब्रुवारी १९२८ मध्ये सायमन कमिशन मुंबईत उतरले, तेव्हा निदर्शने करणाऱ्या तरुणांचे पुढारी युसूफ मेहेरअली होते. वय अवघे २४. पुढे १९४२ साली तेच मुंबईचे महापौर झाले. रस्त्यावरचा जोश आणि सभागृहातली जबाबदारी, दोन्ही त्यांनी पेलली. आपल्या मुलांना पहिली गोष्ट आपोआप येते. दुसरी शिकवावी लागते.

म्हणून पालकांनो, पुढच्या ग्रामसभेला जाताना मुलाला, मुलीला सोबत न्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, तेथे आधी ऐका, मग विचारा. पुढाऱ्याच्या मागे नव्हे, प्रश्नाच्या मागे लागा.