शिष्यवृत्तीचा पैसा आणि सरकारचे गणित
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही जरा रुक्ष विषय घेतला आहे. पण तो आपल्या बहुतेक घरांत पोहोचलेला आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. दरवर्षी विहारात बसून आम्ही मुलामुलींचे अर्ज भरून देतो. तिथे जे दिसले त्यावरूनच बोलतो आहोत.

ही शिष्यवृत्ती कुणाची मेहेरबानी नव्हे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारला निवेदन दिले, आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ पासून दरसाल ३ लाख रुपयांची तरतूद झाली. त्यावर शिकलेल्या पिढीने आपल्याला उभे केले.

पुढे विद्यार्थी वाढले, खर्च वाढला. तो कुणी सोसायचा याचे एक विचित्र गणित होते. समजा, पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी राज्यात १०० रुपये खर्च झाला. तर पुढची पाच वर्षे ते १०० रुपये राज्यानेच भरायचे. खर्च १२० वर गेला तर वरचे २० केंद्र देणार. पाच वर्षांनी ते १२० सुद्धा राज्याच्याच माथी! म्हणजे जे राज्य जास्त मुले शिकवील त्याच्यावर जास्त बोजा. अशाने कुठले अर्थखाते उत्साहाने काम करील?

त्यात दुसरी भर. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांचा पगार सरकार देते, म्हणून फी कमी. विनाअनुदानित ठिकाणी सगळा खर्च फीमधून. शिष्यवृत्तीचा मोठा वाटा मग फी भरण्यातच जाऊ लागला. मुलाच्या हातात पडणारा निर्वाहभत्ता मात्र तोकडाच. २०२१ च्या नियमांत तो अभ्यासक्रमाप्रमाणे वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये ठेवला. वसतिगृहाबाहेर खोली घेऊन राहणाऱ्या मुलाने यात खायचे काय नि पुस्तके घ्यायची काय?

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने जुने गणित मोडले. ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे, असे ठरले. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. हा बदल चांगला झाला, हे मोकळ्या मनाने म्हटले पाहिजे. केंद्राचा हिस्सा थेट मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, मधल्या गळतीला आळा बसतो.

पण राज्याने आपले ४० आधी घालायचे, मग केंद्राचे ६० येणार. राज्याला उशीर झाला की सगळेच अडले. कॉलेज जून-जुलैत सुरू होते, सरकारचे वर्ष मार्चला संपते. मधले महिने कुणी काढायचे? आमच्याच वस्तीतल्या एका मुलीला कॉलेजने सांगितले, फी आल्याशिवाय मूळ कागद मिळणार नाहीत. बापाने पतपेढीचे कर्ज काढले. दुसऱ्या एका घरात फीची रक्कम पोराच्या खात्यात आली, त्याच आठवड्यात आई दवाखान्यात. पैसे तिकडे गेले. कॉलेजच्या हिशेबी पोरगा थकबाकीदार! आम्ही त्याला दोष देऊ शकलो नाही. पण कॉलेजवालेही म्हणतात, आम्ही पगार कशातून करायचे? तेही अगदीच खोटे नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गेल्या वर्षी किती विद्यार्थी होते हे सरकारला ठाऊक असते. तेवढ्यांचे ४० टक्के प्रवेशाच्या आधीच बाजूला काढून ठेवावेत, वाढीव मुलांचे नंतर बघावे. पैसा उशिरा आला तर कॉलेजने मुलाचे कागद अडवू नयेत, आणि त्या उशिराचे उत्तर खात्याने द्यावे. असे निवेदन आम्ही लिहिले आहे. सभा संपल्यावर दाराशी टेबलावर ते ठेवले आहे, सह्या कराव्यात. आणि येत्या रविवारी वंदनेनंतर मुलांची बँक पासबुके घेऊन या. कुणाचे खाते आधारला जोडायचे राहिले आहे ते तिथेच पाहू.

जयभीम!