ईथर आणि अवकाशाचे विद्युत्-स्वरूप

ज्या पदार्थाचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही, त्याच्या आधाराने पदार्थविज्ञानातील एक थोर शोध लागला. आजच्या व्याख्यानाचा विषय तो शोध होय.

प्रकाश लहरींच्या रूपाने जातो हे यंग आणि फ्रेनेल यांच्या कार्यामुळे एकोणिसाव्या शतकात मान्य झाले, आणि लहर म्हटली की तिला माध्यम हवेच, हा विचार ओघानेच आला. ध्वनीला हवा, तसा प्रकाशाला ईथर. हे माध्यम मोठे विलक्षण मानावे लागे. आडव्या लहरी इतक्या वेगाने वाहून नेण्यासाठी ते घन पदार्थासारखे ताठ हवे, आणि ग्रहांना त्यातून जाताना यत्किंचितही अडथळा होता कामा नये! (दर्शनांतील आकाशाशी त्याची सांगड कधीकधी घातली जाते. ती योग्य नव्हे. नैयायिकांच्या आकाशाचा गुण शब्द आहे. ईथरची योजना झाली ती प्रकाशासाठी.)

विद्युत् आणि चुंबकत्व यांच्या प्रेरणाही याच माध्यमातील ताणांमुळे घडत असतील काय, हे पाहण्यासाठी मॅक्सवेलने ईथरची एक यांत्रिक प्रतिकृती कल्पिली. तीत फिरणारे सूक्ष्म भोवरे होते आणि भोवऱ्यांच्या मधोमध, यंत्रातील चाकांप्रमाणे फिरणारे बारीक कण. निसर्गात हीच रचना आहे, असा त्याचा आग्रह मुळीच नव्हता. तिच्यातून आडवी लहर किती वेगाने जाईल, याचे सूत्र त्याने स्कॉटलंडमधील आपल्या गावी, ग्लेनलेअर येथे, १८६१ च्या उन्हाळ्यात मांडले. सूत्रात घालावयाचा आकडा मात्र तेथे त्याच्याजवळ नव्हता.

तो आकडा जर्मनीत वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये काढलेला होता. लायडनच्या बरणीत साठविलेला विद्युत्-भार त्यांनी प्रथम त्याच्या अपकर्षणावरून मोजला. मग तोच भार तारेतून वाहू देऊन चुंबकसूचीच्या विचलनावरून मोजला. या दोन मापांच्या गुणोत्तराला वेगाचे परिमाण असते. लंडनला परतल्यावर मॅक्सवेलने तो आकडा सूत्रात घातला आणि लहरीचा वेग निघाला सेकंदास सुमारे ३,१०,७०० किलोमीटर. फिझोने १८४९ मध्ये दातेरी चाकाच्या साहाय्याने मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारे ३,१५,००० किलोमीटर होता. बरणी, तार आणि सूची यांच्या त्या प्रयोगात प्रकाशाच्या वेगाचे मापन कोठेही नव्हते. तरीही उत्तर प्रकाशाचेच आले. ऑक्टोबर १८६१ मध्ये मॅक्सवेलने हे फॅरडेला पत्राने कळविले. गंमत अशी की, कंपने ठेवावीत आणि ईथर सोडून द्यावा, असे फॅरडेने १८४६ मध्येच सुचविले होते.

पुढची कथा सुपरिचित आहे. मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ मध्ये क्लीव्हलंड येथे, पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे मांडून, ईथरमधून होणारी पृथ्वीची गती शोधली. प्रकाशपट्ट्यांचे अपेक्षित सरकणे ०.४ पट्टी होते. प्रत्यक्षातले त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी भरले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथर अनावश्यक ठरविला. ऑलिव्हर लॉज मात्र १९४० मध्ये मरेपर्यंत त्याचा कैवार घेत राहिला, आणि त्याला निव्वळ हट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. कारण माध्यम गेले तरी मोजलेले गुण गेले नव्हते. अवकाशाला भौतिक गुणधर्म असतात आणि तेवढ्या अर्थाने ईथर आहे, असे स्वतः आइन्स्टाइननेही लायडन येथील १९२० च्या व्याख्यानात सांगितले. फक्त त्याला गती चिकटवता येत नाही.

दोन धातूच्या पत्र्यांमधील सर्व हवा काढून घेतली तरी त्यांच्यात भार साठतो. पोकळीचा हा गुण दर मीटरला सुमारे ८.८५४ पिकोफॅरड एवढा आहे. मोकळ्या अवकाशाचा तरंगरोध सुमारे ३७७ ओहम मानूनच अभियंते आजही रेडिओच्या एरियलचे गणित करतात. १९८३ पासून २०१९ पर्यंत हे आकडे एककांच्या व्याख्यांनीच ठरून गेले होते. २० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्या बदलली, आणि वेबरच्या काळाप्रमाणे ते पुन्हा प्रयोगशाळेत मोजावे लागत आहेत.