उघाडीचं दार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं, 'शाळेच्या आठवणी सांग, पण थोडक्यात.' छडीच्या आठवणी सकाळपासून ऐकतोच आहोत. मी शाळेच्या वाटेवरच्या एका दाराबद्दल बोलतो. आपण बांधावरून यायचो, तेव्हा लागायची ती उघाडी.

आपल्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. उघाडी म्हणजे खारबांधाच्या पोटातली मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली झडप. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीच्याच पाण्याचा दाब तिला मिटवतो. राखणदार नको, वीज नको. या दाराच्या जोरावर काल्हेरच्या खाजणात भात पिकायचं.

आपली झडप लाकडी होती आणि कधीच नीट बसायची नाही. फळी कुजलेली, बाजूला फट. त्या फटीतून भरतीबरोबर कोळंबी यायची, बोइटांची पिल्लं यायची आणि पावसाळ्यात बोटभर जिताडे. जिताडा अंडी घालतो खाडीच्या तोंडाकडे, खाऱ्या पाण्यात. पिल्लं मात्र वाढायला मचूळ-गोड्या पाण्यात, नाल्यांत आणि खाजणात चढतात. मोठी झाली की पुन्हा खाली उतरतात. म्हणजे त्याला ते दार दोनदा ओलांडायचं असतं. आपण शाळा बुडवून त्या नाल्यात पाग टाकायचो, ते या फटीच्या कृपेने. (सर, आता हे सांगायला हरकत नाही ना?)

पुढे मी इंजिनिअर झालो आणि नोकरीत अशाच उघाड्या नव्याने बांधल्या. काँक्रीटची मोरी, लोखंडी झडप, कडेने रबराची पट्टी. थेंबभर पाणी आत येत नाही याचा मला अभिमान होता. एका गावात दोन वर्षांनी पाहणीला गेलो, तर एक आजी म्हणाली, "सायेब, दरवाजा बेस हाय, पन आमची कोलबी भायेरच ऱ्हायली." मी हसलो आणि वहीत 'गळती नाही' असं लिहून परत आलो. ती चूक माझी होती. आराखड्यात मी पाण्याची पातळी धरली होती, मासा कुठेच धरला नव्हता.

ही चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. १९५३ च्या महापुरानंतर नेदरलँड्सने समुद्राची तोंडं बंद करायला घेतली. ऱ्हाइन आणि म्यूज नद्यांच्या मुखाशी हारिंगव्हलिट नावाचा १७ दरवाजांचा बांध १९७१ साली पुरा झाला. पुरापासून बचाव झाला, पण समुद्रातून नदीत चढणाऱ्या सामन माशाची वाट अडली. २०१८ पासून ते दरवाजे भरतीलाही थोडे किलकिले ठेवतात. खारं पाणी ठरलेल्या हद्दीपलीकडे जाऊ नये म्हणून गोड्या पाण्याची उचल आधी वरच्या बाजूला नेली. दार पाडलं नाही, फक्त थोडं उघडं ठेवलं.

आपल्याकडे तर हे सोपं आहे. झडपेत एक छोटी खिडकी आणि तिला तरंगता गोळा, आपल्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. आतली पातळी ठरलेल्या खुणेला गेली की खिडकी बंद. शिवाय जिताड्याची पिल्लं चढतात ती पावसाळ्यात, तेव्हा उल्हासला वरून लोंढा असतो, खाडीचं पाणी फारसं खारं नसतं.

आणि खारं आलं तरी कुणाचं भात जळणार आहे? शेतावर गोदामं उभी आहेत. ज्या पिकासाठी दार मिटत होतं ते पीक गेलं, दार मात्र मिटतंय. नुसतं मासळीचंही नाही हे. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस पडला की झडप मिटलेली असते. आतलं पाणी तेवढे तास खाजणात थांबायचं. खाजणात भराव पडला, तर ते थांबणार कुठे? २६ जुलै २००५ आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

आपल्या बॅचमधल्या चौघांची नाल्याकाठची जमीन अजून सखल आहे. भरावाचे डंपर दाराशी येऊन भाव सांगून जातात, हे मला माहीत आहे. गोदामाचं भाडं सोडा, असं पेन्शनवाल्याने सांगणं सोपं असतं, हेही माहीत आहे. म्हणून मी सगळी जमीन मागत नाही. नाल्याच्या दोन्ही अंगांची पट्टी आणि जिथे तिवरं पुन्हा उगवली आहेत तो कोपरा, एवढंच भरू नका. तिवरांवर तर उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकालच आहे. त्यांच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. मोरी नवी करायची वेळ आली की तिचा तळ नाल्याच्या तळाशी ठेवा, वर नको. ओहोटीला पिल्लाला उडी मारता येत नाही. आराखडा मी काढून देतो, परवानगीच्या अर्जांसाठी कचेरीत खेटे मीच घालतो.

रविवारी सकाळी ओहोटी आहे. मी बांधावर जाणार आहे, मोजमाप घ्यायला. त्या चौघांनी यावंच, बाकीच्यांनीही या. जुन्या चपला घाला, चिखल पूर्वीइतकाच आहे.